मांजराच्या दारात अडकलेल्या हाताबाबत

गल्लीत मास्तर या नावाने ओळखला जाणारा मी, वय त्र्याहत्तर, धंदा पूर्वी तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर, सध्या काही नाही, राहणार धुलाईच्या दुकानावरचा पहिला मजला, जिना चढून डाव्या हाताचे घर, आज दुपारनंतर पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, काय सांगायचे ते मला रस्त्यात सांगण्यात आले होते ते बाजूला ठेवून, समक्ष सांगतो की,

मी वरील ठिकाणी माझा मुलगा व सूनबाई यांच्यासह राहतो. पत्नी हयात नाही. मुलगा औषधांच्या गोदामात मालाची आवक-जावक बघतो. सूनबाई दातांच्या दवाखान्यात कामाला आहेत. दोघे सकाळी बाहेर पडतात ते संध्याकाळी परत येतात. मधल्या वेळेत मी घरी असतो. आमच्याकडे गुंडी नावाची एक करडी मांजरी राहते. आजचा प्रकार ज्या दारामुळे घडला ते छोटे दार तिच्यासाठी बसवलेले आहे, म्हणून तिचे नाव आधी लिहावे असे मी सांगितले. हवालदार साहेबांनी लिहिले.

आमच्या घराला बाहेर पडण्यासाठी एकच दार आहे. ते लाकडी, एका फळीचे असून आत उघडते. त्याला आतून कडी आहे व बाहेरूनही कडी आहे. बाहेरच्या कडीला कुलूप लावतात. हे कुलूप गेल्या हिवाळ्यापासून मुलगा व सूनबाई कामावर जाताना लावतात. मी त्या वेळी आत असतो.

हवालदार साहेबांनी "आत म्हणजे?" असे विचारले. आत म्हणजे घरात.

कुलूप लावण्याचे कारण असे की, हिवाळ्यात मी एकदा जुन्या कारखान्याकडे पायी गेलो होतो. सहज गेलो होतो. कारखान्याच्या जागी आता मोटारी उभ्या करण्याचे मैदान झालेले आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. मला वाटले आपण रस्ता चुकलो, म्हणून मी पुढे चालत राहिलो. पुढे खरोखरच चुकलो. संध्याकाळी एका अनोळखी माणसाने मला स्कूटरवरून घरी आणून सोडले. तोपर्यंत मुलगा दोन दवाखाने पालथे घालून आला होता. सूनबाई जिन्यात बसून रडत होत्या.  मला पाहिल्यावर मुलगा बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचे ऐकून तो वाईट आहे असा कोणाचा समज होऊ नये.

त्याच सुमारास माझ्या हातून दुधाचे पातेले जळाले. दुधाचे पातेले कोणाच्याही हातून जळते. सूनबाईंच्या हातूनही जळलेले आहे. त्या वेळी दाराला कुलूप लागले नाही.

डॉक्टरांनी मला तपासले व वयोमानाप्रमाणे ठीक आहे असे सांगितले. मुलाने त्यातले वयोमान तेवढे ऐकले.

सुरुवातीला कुलपाची एक चावी समोरच्या घरातल्या शिकवणीच्या बाईंकडे ठेवलेली होती. त्या घरीच मुलांना गणित शिकवतात. एके दिवशी मी त्यांना आतून हाक मारली आणि जरा खाली जाऊन येतो म्हणून सांगितले. त्यांनी दार उघडले. मी धुलाईवाल्याच्या दुकानात बसून चहा घेतला, परत वर आलो, बाईंनी पुन्हा कुलूप लावले. कोणाचे काही बिघडले नाही. परंतु संध्याकाळी धुलाईवाल्याने मोठ्या कौतुकाने मुलाला सांगितले, "आज मास्तर आले होते! काय गप्पा रंगल्या म्हणून सांगू!" दुसऱ्या दिवशी मुलाने बाईंकडून चावी परत आणली. तो त्यांना म्हणाला, "तुम्हाला उगाच जबाबदारी नको." बाई त्यावर काय म्हणाल्या ते मला ऐकू आले नाही. दार बंद होते.

गुंडी आमच्याकडे कशी आली, या प्रश्नास उत्तर असे की, ती स्वतः आली. धुलाईच्या दुकानाच्या पत्र्यावर ती असायची. एका संध्याकाळी सूनबाईंच्या पायांतून घरात शिरली आणि माझ्या शिलाई मशीनच्या झाकणावर जाऊन झोपली. झोपताना अंगाचे असे गोल वेटोळे करते की कोटाच्या बटणासारखी दिसते, म्हणून मी तिला गुंडी म्हणू लागलो. सूनबाईंची मांजराला हरकत नव्हती. पण सकाळी दार बंद झाले की तीही दिवसभर आत राहायची. दुपारनंतर दाराशी जाऊन ओरडायची, फळी ओरबाडायची, आणि शेवटी नाइलाजाने पायपुसण्यावर घाण करायची. सूनबाई दमून घरी यायच्या आणि आधी ते धुवायला बसायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "बाबा, एक तर हिला ठेवू नका, नाहीतर हिची काहीतरी सोय करा. माझा जीव मेटाकुटीला आलाय." त्यांचे बरोबर होते.

त्यावर मी रात्रीच्या जेवणाला मुलाजवळ विषय काढला की, दाराला खाली एक छोटे झुलते दार बसवून घेऊ, म्हणजे मांजर आपले आपण जाईल-येईल. पूर्वी मी घरी शिवणही घ्यायचो, तेव्हाच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी मी तसे दार पाहिले होते. मला वाटले होते मुलगा नाही म्हणेल. तो लगेच म्हणाला, "बसवू या बाबा. मुकं जनावर आहे. दिवसभर चार भिंतींत त्याचा जीव किती घुसमटत असेल!"

मी त्यावर भात मागितला.

दुसऱ्या दिवशी मी गुंडीचे माप घेतले. खांद्याची रुंदी, पोटाचा घेर व उभी असताना जमिनीपासून पाठीची उंची अशी मापे घेतली. ती दोनदा टेपला चावली. मापावर दोन बोटे जादा माया सोडून मी खाकी कागदाचा नमुना कापला, त्यातून तिला एकदा काढून पाहिले व नमुना मुलाच्या हातात दिला. मुलाने तो घडी करून पाकिटात ठेवला आणि फोनवरून ऑर्डर देताना पाकीट उघडले नाही. आलेले दार इतके लहान होते की त्यातून गुंडीचे डोके गेले आणि बाकीची गुंडी राहिली. मी तसे दाखवले. मुलगा म्हणाला, "बाबा, खायला कमी घाला, होईल बारीक." ते दार परत पाठवण्यात बरेच दिवस गेले. नंतर आलेले दार नमुन्याशी जुळले. तो योगायोग होता.

बसवण्यासाठी पलीकडच्या गल्लीतला सुतार सुट्टीच्या दिवशी आला. मी माझा नमुना दाराच्या फळीवर टाचण्यांनी लावून ठेवलेला होता. तो त्याने काढून बाजूला ठेवला व म्हणाला, "मास्तर, हे कापड नाही, लाकूड आहे. तुम्ही निवांत बसा." मी निवांत बसलो. त्याने भोकाची उंची बाहेरच्या पायरीपासून मोजली आणि भोक आतून पाडले. ते माझ्या गुडघ्याच्या वर आले. गुंडीने वर पाहिले आणि निघून गेली. मी म्हटले, "ह्यातून बकरी जाईल." मुलगा माझ्यावरच चिडला. "तुम्ही मधेमधे बोलता म्हणून त्याचं लक्ष उडतं बाबा!" सुताराने ते भोक फळीचा तुकडा ठोकून बुजवले व खाली दुसरे पाडले. ते बरोबर आले. परंतु त्याच्या कडा तशाच खडबडीत राहिल्या. चौकटीच्या पत्र्याची धारही बाहेर राहिली. सुतार म्हणाला, "उद्या येऊन घासून देतो." तो उद्या आला नाही. मी मुलाला सांगितले, मुलाने सुताराला फोन केला, सुतार पुन्हा उद्या म्हणाला. या विषयावर आमच्या घरात इतके बोलणे झाले की शेवटी सूनबाई म्हणाल्या, "त्या मांजराच्या दाराचं नाव आता या घरात काढू नका."

गुंडी त्या दारातून जायला तयार नव्हती, हेही सांगणे जरूर आहे. आपल्यासाठी एवढा खटाटोप झाला याची तिला काही पडलेली नव्हती. मी दुपारी जमिनीवर पालथा पडून झुलती फळी हाताने वर धरायचो आणि पलीकडून शिकवणीच्या बाई माशाचा तुकडा दाखवायच्या. बाईंना मीच आतून हाक मारून तशी विनंती केली होती. गुंडी मान लांब करून मासा हुंगायची आणि माझ्या पाठीवर येऊन बसायची. बाई म्हणायच्या, "काका, ही तुमच्यासारखीच हट्टी आहे." असे बरेच दिवस चालले. मग एका दुपारी ती निघून गेली आणि तासाभराने आपली आपण परत आली. त्यानंतर ती येत-जात राहिली.

मी मात्र दुपारी तिथे जमिनीवर बसायचे सोडले नाही. फळी वर केली की जिन्याच्या वरच्या पायऱ्या, विजेचे मीटर आणि बाईंच्या दारातल्या मुलांच्या चपला दिसतात. उजेड कुठवर आला ते कळते. माणूस वर येत असेल तर आधी त्याचे पाय दिसतात. हे मी घरात कोणाला सांगितलेले नाही. हवालदार साहेबांनी ते आवश्यक आहे का असे विचारले. आवश्यक नाही, पण मी तिथे काय करत होतो असे विचारले म्हणून सांगितले.

आज सकाळची हकीकत अशी. मुलाला बाहेरच्या कुलपाची चावी सापडत नव्हती. त्याने खिसे उलटे केले, सूनबाईंनी पर्स उलटी केली. दोघांनाही उशीर होत होता. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, तुम्ही कुठे ठेवली नाही ना?" मी ठेवली नव्हती. चावीच्या जवळ मला कोणी जाऊ देत नाही. शेवटी दोघे बाहेर पडले. दार ओढून घेतल्यावर मला बाहेरून सूनबाईंचा आवाज ऐकू आला, "राहू दे रे आजचा दिवस. नुसती कडी पुरे. ते कुठे काढणार आहेत!" कडी सरकल्याचा आवाज आला. कुलपाचा आला नाही.

मी चहाची कपबशी विसळून ठेवली. मग खुर्चीवर बसलो. पेपर वाचला. वाचलेले काही लक्षात राहिले नाही, कारण माझे लक्ष दाराकडे होते. मग मी कपाटातून तारेचा एक हँगर घेतला, तो उलगडून सरळ केला व एका टोकाला आकडा वळवला. तो कापड मोजायच्या माझ्या लाकडी गजाच्या टोकाला कापडी पट्टीने घट्ट बांधला. गुंडी त्या वेळी बाहेर गेलेली होती. मी दाराशी पालथा पडलो, छोट्या दारातून उजवा हात गजासकट बाहेर काढला, कोपर बाहेर गेल्यावर हात वर वळवला आणि आकड्याने कडी शोधू लागलो.

या ठिकाणी हवालदार साहेबांनी आधी असे लिहिले होते की, मी मांजराचे दार दुरुस्त करत असताना माझा हात अडकला. तसे त्यांना माझ्या मुलाने सांगितले होते. ठाण्याकडे येताना रिक्षात मुलगा मलाही म्हणाला होता, "बाबा, दुरुस्ती करत होतो म्हणून सांगा. एका वाक्यात मिटेल. उगाच चारचौघांत शोभा नको." मी त्याला बरं म्हटले होते. पण ते खरे नाही. मी काही दुरुस्त करत नव्हतो. मी कडी काढत होतो. ते पान बदलून घेण्यात आले आहे.

यापूर्वी असा प्रयत्न केला होता का, या प्रश्नास उत्तर असे की, नाही. रोज कुलूप असते.

कडी मला दिसत नव्हती. सगळे अंदाजाने चालले होते. आकडा कधी फळीवर घासत होता, कधी भिंतीवर. दोनदा गज हातातून सुटून घरंगळला व तो बोटांनी ओढून घ्यावा लागला. खांदा भरून आला. मला माझाच राग आला, सुताराचा आला, ज्याने कडी इतक्या वर बसवली त्याचा आला. एवढी वर्षे मी एका वेळी चाळीस थर कापड कापत होतो, मला एक कडी सरकवता येईना. मग आकडा कशात तरी अडकला. मी ओढले. कडी सरकली. तिचा आवाज मी नीट ओळखतो.

त्यानंतर मी हात आत घ्यायला गेलो तर तो येईना. कोपर चौकटीच्या कडेला अडकले. पत्र्याची धार दंडात रुतली. मी जोर लावला तसे कोपर सुजत गेले. डाव्या हाताने चौकट ढकलून पाहिली. फोन पलंगावर होता. मी शिकवणीच्या बाईंना हाका मारल्या, परंतु त्या आज बहिणीकडे गेल्या होत्या. ओरडून घसा बसला. मग मी ओरडणे बंद केले आणि गाल जमिनीला टेकवून पडून राहिलो.

दार उघडे होते. मला उठता येत नव्हते.

गुंडी मधेच जिना चढून आली. तिला आत यायचे होते आणि तिच्या दारात माझा हात होता. तिने नाराजीने एक-दोनदा आवाज केला. मग ती माझ्या तळहाताला डोके घासत बसली. हे लिहू नये असे हवालदार साहेबांचे म्हणणे पडले. मी लिहा म्हटले.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. त्यानंतर विजेचे मीटर बघणारा माणूस वर आला. मला त्याचे बूट ऐकू आले. मी हात हलवला. तो मोठ्याने किंचाळला आणि धडधडत खाली गेला. दाराच्या फटीतून मेलेल्या माणसाचा हात बाहेर आला आहे, असा फोन पोलिसांना त्यानेच केला, हे मला नंतर समजले. मी हात हलवल्यानंतर त्याने तो मेलेला कसा ठरवला हे त्यालाच विचारावे.

त्याच्यामागोमाग धुलाईवाला वर आला. आमचे बोलणे झाले ते असे.

"आत कोण आहे?"

"मी आहे. मास्तर."

"मग हा हात कोणाचा?"

"माझाच. दुसऱ्याचा कशाला असेल?"

"अहो मास्तर, पण कडी तर उघडीच आहे!"

"मला माहीत आहे. मीच उघडली."

धुलाईवाल्याने मदत करण्याच्या हेतूने दार आत ढकलले. दार माझ्यावर आले आणि हात चौकटीत पिळला गेला. मी ओरडलो. त्याने दार सोडले. त्याच्या तोंडचे पाणी पळाले. एवढ्यात दोन पोलीस शिपाई आले. त्यांतल्या एकाने, मी घरात घुसत होतो की घरातून निघत होतो, असे विचारले. धुलाईवाल्याने त्याला सांगितले की हे घर यांचेच आहे. शिपाई म्हणाला, "मग आपल्याच घराची कडी माणूस असा चोरासारखा कशाला काढेल?" 

दार उघडता येत नव्हते, खिडकीला गज आहेत. फळी कापल्याशिवाय मार्ग नव्हता. म्हणून सुताराला बोलावण्यात आले. आज तो लगेच आला. आल्या आल्या म्हणाला, "कडा घासायला मी येणारच होतो मास्तर." 

धुलाईवाल्याने फोन केल्यामुळे मुलगाही गोदामातून आला. तो जिना पळत चढला, हे पावलांवरून कळले. त्याला आत येता येत नव्हते. मला तो दिसत नव्हता. तो बाहेर जमिनीवर बसला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. करवतीचा धक्का लागू नये म्हणून धरला, असे त्याने सुताराला सांगितले. सुताराने कापायला सुरुवात केली. त्या आवाजात आम्ही दारातून बोललो.

मुलगा म्हणाला, "बाबा, खूप दुखतंय का?"

मी म्हटले, "नाही."

"कुठे जायचं होतं तुम्हाला?"

"कुठे नाही."

"काही हवं होतं का? मला फोन करायचा. मी आणलं असतं ना."

"काही नको होतं."

"मग कशाला हा उपद्व्याप? काय झालं असतं तुम्हाला, कळतंय का? कडी कशाला काढायची?"

मी म्हटले, "काढता येते का ते बघत होतो."

 सुतार एकदा म्हणाला, "साहेब, हात हलवू नका, करवत सरकतेय." मी हात हलवत नव्हतो. मुलाचे हात हलत होते.

फळी कापून निघाल्यावर माझा हात मोकळा झाला. मुलाने मला उठवून बसवले, पाणी दिले. माझ्या सदऱ्याला लागलेला भुसा तो झटकत राहिला. सगळा निघाल्यावरही झटकत होता. नंतर आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. हाड मोडलेले नाही. दंडाला टाके घातले, हात गळ्यात बांधला. पोलिसांत फोनची नोंद झालेली असल्याने जबाब द्यावा लागेल असे शिपायाने सांगितले, म्हणून येथे आलो. सूनबाईही त्यांच्या दातांच्या दवाखान्यातून परस्पर आल्या. त्या बाकावर मुलाशेजारी बसलेल्या आहेत. सकाळी कडी पुरे असे आपणच म्हटले, असे त्या पुन्हा पुन्हा सांगत आहेत. त्यांचा त्यात काही दोष नाही. कुलूप असते तर मी पेपर वाचत बसलो असतो.

मुलाविरुद्ध तक्रार द्यायची आहे का, असे मला विचारण्यात आले. नाही. सुताराविरुद्ध घेता का असे मी विचारले. तशी तक्रार येथे घेत नाहीत असे समजले.

ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी मुलाला समोर बोलावले व वडिलांना एक चावी देऊन टाका असे सांगितले. मी साहेबांच्या लक्षात आणून दिले की, बाहेरच्या कुलपाची चावी आत ठेवून काही उपयोग नाही.  साहेब म्हणाले, "मग कुलूपच नको." मुलगा म्हणाला, "आणि साहेब, परत हरवले तर? तुम्ही शोधून देणार? त्या दिवशी मी कुठे कुठे बघितलं ते मलाच माहीत. शवागाराच्या दारापर्यंत जाऊन आलो मी." तो हे साहेबांना सांगत होता, पण बघत माझ्याकडे होता. शवागाराचे मला आजपर्यंत माहीत नव्हते. घरात त्याने ते कोणाला सांगितलेले नव्हते. सूनबाईंनाही नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले.

मी मुलाला सांगितले की, माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरच्या आत मी घरचा पत्ता आणि तुझा फोन नंबर कापडी पट्टीवर लिहून शिवून घेईन. बाहेरून कोणाला दिसणार नाही. जाताना समोरच्या बाईंना सांगून जाईन, आल्यावर सांगेन. फक्त माझ्या मशीनची सुई तू काढून ठेवली आहेस ती परत दे. मुलगा म्हणाला, "हातात घुसेल म्हणून काढली होती." मी म्हटले, "माहीत आहे." त्याने सुई देण्याचे कबूल केले. दारालाही आतून-बाहेरून उघडणारे कुलूप बसवून घेणार आहे. तोवर मी घरात असताना बाहेरून काही लावणार नाही, असे तो साहेबांसमोर म्हणाला.  त्याला भीती वाटते. मला ती दिसते. तिच्यावर माझ्याकडे इलाज नाही.

नवे कुलूप बसवायला तोच सुतार येणार आहे. उद्या येतो म्हणाला.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना त्यांच्या शेऱ्यात "सदर इसमास घरात कोंडून ठेवण्यात येत असे" असे एक वाक्य आले. कोंडून हा शब्द माझा नाही. मी दार बंद होते, कुलूप होते, कडी होती, एवढेच सांगितलेले आहे. मी त्यांना थांबवले. ते म्हणाले, "खटकत असेल तर खोडतो मास्तर. त्याच्या जागी काय घालू ते सांगा." मी मुलाकडे पाहिले. तो खाली बघत होता. त्यानेही काही सुचवले नाही. मी बराच विचार केला. मला दुसरा शब्द सापडला नाही. तो तसाच राहू द्यावा असे मी सांगितले. बाकी सर्व मी बोललो तसेच उतरलेले आहे आणि बरोबर आहे.

उजवा हात बांधलेला असल्यामुळे सहीऐवजी डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा दिला आहे. मला लिहिता येते.